पडून राहण्याचा हक्क

सोमवार, ४

गादी कारखान्यातल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! जगाला शांत झोप लागावी म्हणून आपण जन्मभर वाकलो, आणि आज आपल्यातल्या निम्म्या लोकांना कूस बदलताना दात आवळावे लागतात. दुसऱ्याच्या पाठीखाली मऊ घालता घालता आपली पाठ मोडली, हा कुठला न्याय?

झालं. वही उघडली रोजनिशी लिहायला आणि निघालं भाषण. संघटनेचा सरचिटणीस होऊन इतकी वर्षं झाली की हातातल्या पेनालाही समोर माईक दिसतो. वही हिने आणून दिली. म्हणाली, "मी दिवसभर दुकानात लोकांचे केस कापणार. तुमचं ऐकायला घरी कुणी नाही. ह्यात बोला."

तर घडलं ते असं. मी कड शिवायच्या यंत्रावर होतो. ते यंत्र गादीभोवती फिरतं आणि त्याच्यामागे आपण कमरेत वाकून फिरतो. शेवटचा कोपरा वळवत होतो, फोमचा भुसा नाकात गेला आणि मी शिंकलो. कमरेत कुणीतरी पाना घालून पिळल्यासारखं झालं. तसाच गादीवर पालथा पडलो. घरी आणलं तेही त्याच अवस्थेत, मागच्या सीटवर आडवा घालून.

सगळ्यांना मात्र मी "डबलची गादी उलटताना गेली" असं सांगितलंय. शिंकेवर आंदोलन उभं राहत नाही.

रजा मिळाली. मिळणारच. गेल्या करारातलं विश्रांतीचं कलम माझं आहे. कंबर धरलेल्या कामगाराला तीन आठवडे पूर्ण विश्रांती, भरपगारी. त्या कलमासाठी मी मालकाच्या केबिनमध्ये असा बोललो होतो की पाणी द्यायला आलेला शिपाई ट्रे घेऊन तिथेच उभा राहिला. मालकाने शेवटी मान्य केलं आणि आपली एकच ओळ घातली: विश्रांती म्हणजे अंथरुणात, पाहणीच्या वेळी उभा आढळला तर रजा रद्द. आम्ही हसत सह्या केल्या. अंथरुणात पडायला कुणाची हरकत असणार?

मंगळवार, ५

गोदामातले चौघे जण भर दुपारी गादी घेऊन हजर. शिलाई विभागाने जेवणाच्या सुट्ट्या खर्ची घालून माझ्यासाठी खास शिवलेली. आत सगळ्यात दणकट फोम, त्याखाली चक्क प्लायवूड, आणि उशाकडच्या पट्टीवर लाल धाग्याने शिवलंय, "झुकणार नाही". माझे डोळे भरून आले. मला उचलून तिच्यावर ठेवलं तेव्हा ते वेगळ्या कारणाने भरून आले.

संध्याकाळी हिने ती अक्षरं वाचली. "खरंय. बूट घालायलासुद्धा झुकणार नाही."

ही गादी नाही, टेबल आहे. पण कामगारांच्या प्रेमावर तक्रार कशी करायची? पडलोय.

लांबूचा फोन आला. तो पॅकिंगमधला, ताडासारखा उंच, म्हणून लांबू. पूर्वी तयार गादी दोघं मिळून उचलायचे. वर्षभरापूर्वी दुसरा माणूस काढला, आणि "तुझे हात लांब आहेत, तुला एकट्याला जमतं" म्हणत सगळं लांबूवर टाकलं. आता तोही पाठ धरून दुसरा आठवडा पडून आहे. मागच्याच गल्लीत राहतो.

"दादा, तुम्हीपण पडलात ऐकलं. खरं सांगू? धीर आला."

"मी पडलो म्हणून?"

"तसं नाही हो. म्हणजे, तसंच. पॅकिंगमधला मी एकटाच पडलो होतो ना, सगळे म्हणायचे सोंग आहे. आता सोंग कोण म्हणणार?"

मी म्हटलं, "लांबू, तू आणि मी आता दोन माणसं नाही, एक मोर्चा आहोत. हलायचं नाही."

"हलतोय कुठे," तो म्हणाला. "डाव्या पायातून वीज जाते, कुल्ल्यापासून पार अंगठ्यापर्यंत."

मोर्चाचा विचार मला दिवसभर पुरला.

गुरुवार, ७

सकाळी, ही दुकानात निघायच्या आधीच, पाहणीवाला येऊन गेला. हे मालकाने नेमलेलं नवीन पद. दिवसभर गाडी चालवत घरोघर जायचं आणि कोण पडलंय, कोण उभं आहे ते टिपायचं. काटकुळा माणूस, चेहरा आंबलेला.

हिने खुर्ची पुढे केली. म्हणाला, "नको, उभाच बरा." मग खोलीभर नजर फिरवली. माझ्या पायाशी गरम पाण्याची पिशवी होती, ती बघून म्हणाला, "ह्याने फरक पडतो का हो?"

"का? शेक घेणंही कलमाविरुद्ध आहे?" मी गरजलो. पडल्या पडल्या गरजणं सोपं नाही, छातीत हवा भरली की कमरेत कळ येते.

"नाही, सहज विचारलं," असं म्हणून त्याने चौकटीला हात टेकवला आणि हळूहळू जिना उतरला.

पाहा हा माज. आमच्या घरात बसायलाही ह्यांना कमीपणा वाटतो. वर हेरगिरी. ही मात्र म्हणाली, "बिचारा." मी विचारलं, बिचारा कशाचा? ती स्टुलावर टेकली आणि अंगाचा भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेत बसली.

शुक्रवार, ८

मलम संपत आलं. चार दिवसांत जवळजवळ अख्खी बाटली! हे औषधवाले बाटलीचा तळ आतून वर उचलून ग्राहकांना उघडउघड लुटतात. बरा झालो की ह्यावर एक लेख लिहिणार.

शनिवार, ९

आज सकाळी, ही दुकानात जायच्या आधी, फिजिओ आली. ती कारखान्याच्या दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस बसते, म्हणजे मालकाच्या पगारावर. तिशीची असेल. मी मनात नाव ठेवलं: मालकाची डॉक्टरीणबाई.

आल्या आल्या तिने गादीवर मूठ आपटली. "काका, ह्याच्यावर झोपता की पोळ्या लाटता?"

"कामगारांनी शिवली आहे."

"छान शिवली आहे. पण एवढी कडक नको. मध्यम लागते, अंग थोडं आत गेलं पाहिजे."

मी आयुष्यभर गाद्या शिवल्या आणि पाठीला कसली गादी लागते हे ह्या पोरीने मला शिकवायचं!

मग तिने पाय उचलून बघितले, बोटं वाकवायला लावली, तळव्यावर चावी ओढली. म्हणाली, "चांगली बातमी आहे. बहुतेकांचं असतं तेच तुमचं आहे. पाठीचे स्नायू आणि मणक्यांना बांधणाऱ्या पट्ट्या वर्षानुवर्षं वाकून ताणल्या गेल्यात. शिंकेचं निमित्त झालं."

मी बायकोकडे रोखून बघितलं. फितूर! मी कधी सांगितलं होतं कुणाला सांगायला?

"कुणाची मणक्यांमधली गादी सरकते, तेव्हा नस दाबली जाते आणि कळ पायात उतरते. वय झालं की झीजही असते. चिंता असली, झोप नसली की तेच दुखणं दुप्पट वाटतं. पण कारण कुठलंही असो, नुसतं पडून राहणं हा उपाय नाही. एखादा दिवस ठीक. मग उठायचं, घरातल्या घरात चालायचं, शेक घ्यायचा, गोळी लागली तर थोडे दिवस आणि जेवून घ्यायची. मी हलके व्यायाम शिकवते. पडून पडून स्नायू ढिले पडतात आणि पाठ आणखी धरते. चला, खिडकीपर्यंत येता?"

अच्छा! असा डाव होता तर. मी खिडकीत उभा राहणार, खाली पाहणीवाला असणार, आणि उद्या गेटवर नोटीस: सरचिटणीस ठणठणीत.

"बाई," मी म्हटलं, "मी उठलो की रजा गेली. माझी एकट्याची नाही, माझ्यामागे पडलेल्या प्रत्येकाची. हे तुमच्या मालकाला पक्कं ठाऊक आहे."

"हा नियम मी नाही लिहिला, काका. तुम्ही लिहिलात."

तोंडात मारल्यासारखं झालं. तेवढ्यात तिने शेवटचे प्रश्न विचारले. पाऊल लुळं पडतं का? दोन्ही पायांना मुंग्या येतात का? मांड्यांच्या मधली जागा, जिथे आपण सायकलच्या सीटवर बसतो, तिथे बधिर वाटतं का? लघवीला अडचण?

लघवी! मालकाला आता तिथपर्यंत पोहोचायचंय! मी तिला दार दाखवलं. ती जाताना म्हणाली, "ह्यातलं काही झालं तर रात्र असो, दिवस असो, थांबायचं नाही. थेट हॉस्पिटल. बाकी कशालाही थांबलं तरी चालतं, ह्याला नाही." आणि आपला नंबर हिच्याकडे देऊन गेली.

रात्री ही दुकानातून आली. झोपताना एवढंच म्हणाली, "ती मुलगी तुमच्या पाठीबद्दल बोलत होती. तुम्ही करारावर बोलत होता."

सोमवार, ११

पाठ आता लाकडासारखी झाली आहे. पहिल्या दिवशीपेक्षा वाईट. उठून बसायला ही दोन्ही काखांत हात घालून ओढते, मग मी तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून मोरीपर्यंत जातो. तीही हल्ली पटकन दमते. केस कापायचं काम तरी काय असतं, हातात कात्री एवढी!

दिवसभर छताकडे बघतो. आयुष्यात एवढी पुस्तकं वाचली, क्रांत्यांचे इतिहास वाचले, पण एकाही पुढाऱ्याने चादरीखालून क्रांती केल्याचं आठवत नाही. हा विचार चांगला नाही. इथेच थांबवतो.

लांबूचा फोन. हसत होता. "दादा, गंमत सांगतो. डाव्या पायातली चप्पल निसटते आणि मला कळतच नाही. बायको म्हणते, संडासाला जाता तेव्हा पाऊल फटफट वाजतं, बदक चालल्यासारखं."

आम्ही दोघं हसलो. हसताना दोघांच्याही कमरेतून कळ आली, त्यावर पुन्हा हसलो.

"दुखणं कसं आहे?"

"ते कमी झालंय थोडं. पण पायच आपला वाटत नाही. फिजिओकडे जाऊन यावं का? बायको मागे लागलीय."

मी म्हटलं, "जाशील तर चालत जाशील. चालत जाशील तर उभा दिसशील. लांबू, अजून थोडेच दिवस आहेत. मोर्च्यातला एक जरी हलला तरी सगळी रांग मोडते."

"बरं दादा. तुम्ही म्हणता तर पडतो."

किती गुणी माणूस आहे. घरात तो एकटा कमावता, तरी शिस्त सोडत नाही.

बुधवार, १३

रात्र झाली तरी लिहितो.

बुधवार म्हणून हिच्या दुकानाला सुट्टी. सकाळी लांबूच्या बायकोचा फोन आला. रडत नव्हती, पण आवाज कापरा होता.

"भाऊजी, ह्यांना कालपासून लघवीच होत नाहीये. बसून राहतात, नळ बंद केल्यासारखं. आणि म्हणतात, बसल्याचंच कळत नाही. खाली काही आहे की नाही तेच कळत नाही म्हणतात. मी दवाखान्यात चला म्हणते, तर ऐकत नाहीत. आज पाहणी आहे म्हणतात. दादांनी सांगितलंय म्हणतात."

मला त्या मुलीचे प्रश्न आठवले. एक एक, ओळीने. पाऊल. मांड्यांच्या मधली जागा. लघवी. परवाच मी त्या पावलावर हसलो होतो.

"नंबर कुठंय तिचा?" मी ओरडलो. हिने फोन लावून दिला. मी सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता न्या. आत्ताच्या आत्ता. मी हॉस्पिटलात कळवते. कमरेतल्या नसांचं जुडगं दाबलं गेलं असणार, उशीर झाला तर ते परत येत नाही."

फोन ठेवला तेव्हा ही माझ्याकडे टक लावून बघत होती.

"काय झालं?"

"तुम्ही उभे आहात," ती म्हणाली.

मी खरंच उभा होतो. खोलीच्या मधोमध, कशालाही न धरता.

जिना उतरताना प्रत्येक पायरीला वाटलं, आता पाठ तुटणार. तुटली नाही. पाहणीवाला खालून वर येत होता, कठड्याला धरून, एकेक पायरी थांबत थांबत. आम्ही समोरासमोर आलो. तो पाहत राहिला.

"साहेब, तुम्ही उभे आहात."

"उभा आहे. लिहा. लठ्ठ अक्षरांत लिहा. पण आधी सांगा, गाडी कुठे लावलीत?"

"गाडी? कशाला?"

"मागच्या गल्लीत एक माणूस पडलाय. त्याला हॉस्पिटलात न्यायचंय. तुमच्या यादीतलाच आहे."

त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खाली वळला. गाडीच्या सीटवर पाठीमागे एक जुनी उशी, दोरीने बांधलेली, मधोमध खड्डा पडलेली. ती बघताना मला समजलं की त्या दिवशी हा माणूस आमच्या खुर्चीत का बसला नाही. बसला असता तर परत उठवलं नसतं. शेकाची चौकशी कुणासाठी होती, तेही समजलं.

लांबू त्याच्या खोलीत उताणा पडलेला, चादर गळ्यापर्यंत, हात सरळ. पाहणीसाठी तयार. आम्हाला दारात बघून त्याचे डोळे पांढरे झाले.

"दादा! तुम्ही चालत? आणि पाहणीवाल्यासमोर?"

"त्यानेच आणलं. ऊठ."

"पण तुम्ही म्हणालात, हलायचं नाही."

"म्हणालो. चुकीचं म्हणालो. ऊठ, लांबू."

"रजा जाईल, दादा."

"गेली. माझी जिन्यातच गेली. आता तू एकटा मागे राहून काय करणार?"

तो हसायला लागला आणि हसता हसता रडला. "खाली काही कळत नाहीये हो मला. घाबरलोय. सांगायला लाज वाटत होती."

एवढा उंच माणूस, त्याला उचलणार कोण? मी, ज्याची पाठ गेलेली. पाहणीवाला, ज्याची पाठ गेलेली. लांबूची बायको, आणि ही. शेवटी पाहणीवालाच म्हणाला, "कुणी एकट्याने जोर लावायचा नाही. चादरीची चार टोकं धरा. गुडघ्यात वाका, कमरेत नाही. मी म्हणेन तेव्हा एकदम." त्याला फिजिओने कधीतरी शिकवलं असावं. चादरीत घालून आम्ही त्याला गाडीपर्यंत नेलं. आयुष्यातला सगळ्यात हळू मोर्चा.

हॉस्पिटलात दारातच स्ट्रेचर तयार होतं. फिजिओ आधीच येऊन उभी होती. सरळ तपासणीला, आणि संध्याकाळच्या आत ऑपरेशनला.

शुक्रवार, १५

डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी फुटून मागे घुसली होती आणि सगळ्या नसा तिच्याखाली सापडल्या होत्या. बहुतेक पाठदुख्यांना सुरी लावावी लागत नाही, ह्याला लावावीच लागली. आणखी एखादा दिवस गेला असता तर जन्मभराचं होऊन बसलं असतं. पावलात ताकद यायला महिने लागतील, कदाचित पूर्ण येणारही नाही. "आधी आणला असता तर" हे वाक्य त्यांनी सुरू केलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून अर्ध्यावर सोडलं.

बाकीचं अर्धं मी दोन दिवस पुरं करतोय.

लांबू मात्र जोरात होता. आज नळी काढली. "दादा, स्वतःहून झाली! नर्सने टाळ्या वाजवल्या. लघवीला टाळ्या पडलेला आपल्या कारखान्यातला मी पहिलाच."

"गेटवर सत्कार करू तुझा," मी म्हटलं, आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

बाहेरच्या बाकावर फिजिओ भेटली. मला माफी मागता येत नाही, भाषण देता येतं. पण भाषणही सुचलं नाही. म्हटलं, "मला शिकव."

तिने मला कॉरिडॉरच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. "दुखलं म्हणजे मोडलं असं नाही, काका. थोडं दुखेल, चालत राहायचं. रोज थोडं जास्त." मग भिंतीला पाठ टेकवून करायचे दोन व्यायाम शिकवले. विचित्र गोष्ट ही की बुधवारपासून मी गाडीत बसलो, बाकावर ताटकळलो, जिने चढलो, आणि पाठ कडक गादीवर होती त्यापेक्षा बरी आहे.

आणि मग ती माझ्यामागे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही भिंतीला असं का धरलंय?"

"काही नाही, सवय," ही म्हणाली.

"कधीपासून?"

ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन-तीन वर्षं. दिवसभर उभं राहावं लागतं. हे आठ-दहा दिवस जरा वाढलं, ह्यांना उचलावं लागायचं ना. मलम लावते मी."

मलम.

औषधवाल्यांवरचा तो लेख मी मनात जवळजवळ पूर्ण केला होता. कारखान्यातल्या सगळ्या कमरांचा मी कैवारी. माझ्या हाताखाली जी कंबर मला मोरीपर्यंत घेऊन जात होती, ती मला दिसली नाही. घरी येताना आम्ही दोघं हळूहळू चाललो. मी म्हटलं, "अगं, तू सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार?" ती म्हणाली. "तुम्ही बोलत होता."

रविवार, १७

सकाळी शिपाई दोन नोटिसा घेऊन आला. मी पाहणीत उभा आढळलो, लांबू घरी आढळला नाही. दोघांची रजा रद्द. पाहणीवाल्याने लिहिलं होतं, पण खाली आपल्या हाताने एक ओळ जोडली होती: "सदर कामगारास हॉस्पिटलात नेणे गरजेचे होते, मी सोबत होतो." त्या ओळीबद्दल त्याला आता कुणीतरी बोलावून घेणार. माझा संताप मात्र उसळला नाही. त्या नोटिसांवर मालकाची सही आहे, पण त्या लिहिल्या जायला लागणारी शाई मी पुरवली.

दुपारी संघटनेचे अध्यक्ष आले. वयाने मोठे, शांत, कधी आवाज चढवत नाहीत. मी सांगितलं, हे कलम बदलायचं.

"तुझं कलम? तूच मागे घेणार? मालक टाळ्या पिटेल."

"पिटू दे."

"आणि उद्या म्हणेल, पाठदुखी असलेले चालू शकतात, म्हणजे दुखणंच खोटं."

"अध्यक्ष, एक जण उठला तर तो खोटा ठरतो. सगळे उठले तर कलम खोटं ठरेल."

त्यांनी दोन्ही नोटिसा पुन्हा वाचल्या. मग म्हणाले, "म्हणजे रजा सोडायची?"

"रजा नाही सोडायची. पडून राहायची सक्ती सोडायची. भरपगारी रजा, पण चालायची मुभा. बरं वाटायला लागलं की हलकं काम. आणि गादी एकट्याने उचलायची नाही, कुणाचे हात कितीही लांब असोत. तो दुसरा माणूस परत आणायचा."

"हे मालक ऐकणार का?"

"कागदावर नाही ऐकणार. गेटवर बघितलं तर ऐकेल."

अध्यक्षांनी उठायला खुर्चीचा हात धरला आणि एक हात कमरेवर ठेवला. मी विचारलं, "तुम्हालाही?"

"आता तू विचारतोस," ते म्हणाले आणि हसले. "चल, लिही. पण लहान लिही. तुझी भाषणं ऐकताना उभं राहावं लागतं."

फिजिओला फोन करून विचारलं, सगळ्यांना चालायला सांगितलं तर चालेल का. म्हणाली, ज्यांना मी तपासलंय त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना हेच सांगितलं होतं, एकानेही ऐकलं नाही. ज्यांना पाऊल लुळं वाटतं, मांड्यांमध्ये बधिर वाटतं, लघवीला त्रास होतो, त्यांनी गेटवर यायचं नाही, आत्ता हॉस्पिटल. ज्याला जेवढं झेपेल तेवढंच चालायचं, मध्ये बसायचं. तीही गेटवर उभी राहणार आहे.

आता हे लिहून काढतो. मग फोनवर माझ्या आवाजात बोलून रजेवर असलेल्या प्रत्येकाला पाठवतो.

घरोघर छताकडे बघत पडलेल्या माझ्या सोबत्यांनो! तुम्हाला पडायला मी सांगितलं. मला वाटलं, मी तुमच्यासाठी विश्रांती जिंकून आणली. ती विश्रांती नव्हती. ज्या पाठीला चालून बरं व्हायचं होतं तिला आपण लाकूड केलं, आणि जो माणूस ओरडून मदत मागणार होता तो चादर गळ्यापर्यंत ओढून पाहणीची वाट बघत राहिला. लांबू आता बरा होतोय. त्याचं पाऊल पूर्ण बरं होईल की नाही, ठाऊक नाही. त्याचं उत्तर मला द्यायचं आहे, मी ते देईन. पण तुमच्यातल्या पुढच्या माणसाचं उत्तर मला द्यायचं नाही.

तुमचं दुखणं खरं आहे. कुणी सोंग म्हणालं तर त्याला एक पाळी कड शिवायला पाठवा. पण दुखणं खरं आहे हे दाखवायला मेल्यासारखं पडायची गरज नाही. मी पडून होतो तेव्हा माझ्या बायकोच्या पाठीवर माझा भार होता. तुमचा कुणावर आहे, एकदा बाजूला वळून बघा.

ज्याचं पाऊल लुळं पडतंय, मांड्यांमध्ये बधिर वाटतंय किंवा लघवीला त्रास होतोय त्याने हे ऐकणं इथेच थांबवावं आणि हॉस्पिटलात जावं. बाकीच्यांनी ऐका. उद्या सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा वाजेल. मालक गेटवर असेल, पाहणीवालाही असेल. कुणालातरी धरा, किंवा कुणाला तरी धरू द्या. थांबत या, बसत या, वाकडे या, कण्हत या. अंथरूण सोडा आणि कारखान्याच्या गेटपर्यंत चालत या.